इतिहासावर हक्क नसतो, मग नोट्समधलं तुमचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धा परीक्षांसाठी तुम्ही आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचं नोट्सचं पुस्तक लिहिलंत. आता दुसऱ्या एका क्लासच्या पुस्तकात तुमचे तक्ते, प्रकरणांची मांडणी आणि बरेच सराव प्रश्न दिसतायत, कुठे जसेच्या तसे, कुठे शब्द फिरवून. जाब विचारलात तर उत्तर मिळालं, 'इतिहासावर कुणाचा कॉपीराइट नसतो.' तुम्ही पुस्तकाची नोंदणी केलेली नाही. अशा वेळी कोर्ट नेमकं काय बघतं, असं तुम्ही विचारलंय.

त्यांचं वाक्य चुकीचं नाही. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पण तुमच्या प्रश्नात 'मी एवढी मेहनत घेतली आणि त्यांनी ती फुकट उचलली' हा जो सूर आहे, तोही कोर्टात फार लांब जात नाही, हे आधीच सांगतो. लेखक आणि छोट्या प्रकाशकांची अशी प्रकरणं मी बरीच वर्षं चालवतोय. त्यात दोन प्रश्नांची गल्लत नेहमी होते. पहिला प्रश्न, त्यांनी तुमच्याकडून घेतलं का? दुसरा प्रश्न, जे घेतलं ते कायदा ज्याला संरक्षण देतो त्या जातीचं होतं का? लोक पहिल्याचे पुरावे पिशवी भरून आणतात आणि दावा दुसऱ्यावर पडतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे, पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा आधार घेतलाय, म्हणून सांगतो. रूरल नावाच्या टेलिफोन कंपनीची ग्राहकांची डिरेक्टरी होती. फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने तिच्यातल्या नोंदी आपल्या मोठ्या डिरेक्टरीत घेतल्या. 1,309 नोंदी हुबेहूब जुळल्या आणि त्यातल्या चार तर रूरलने नक्कल पकडण्यासाठी मुद्दाम घातलेल्या खोट्या नोंदी होत्या. नक्कल झाली यात शंकाच उरली नव्हती. तरीही 1991 साली अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नाव, गाव, फोन नंबर ही तथ्यं आहेत, ती आडनावाच्या अक्षरक्रमाने लावण्यात लेखकाचं काही नाही, म्हणून यात कॉपीराइटच नाही. रूरल हरली. कष्ट होते, चोरी सिद्ध होती, पण हक्क नव्हता.

आपल्याकडे हा प्रवास जरा वेगळ्या वाटेने झाला. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 13 नुसार 'मूळ' साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि कलाकृतींना संरक्षण मिळतं. मूळ म्हणजे काय, हे मात्र कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते काम न्यायाधीशांवर सोडलंय. फार काळ आपण इंग्लंडच्या 1916 च्या निकालावर चाललो. तो खटला लंडन विद्यापीठाच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचाच होता. त्यात ठरलं की विचार नवा असायची गरज नाही, कृती दुसऱ्याची उचललेली नसावी, लेखकाकडून आलेली असावी, एवढं पुरे. त्या निकालातलं एक वाक्य वकील आजही ऐकवतात: जे नक्कल करण्याजोगं आहे ते प्रथमदर्शनी संरक्षण देण्याजोगंही आहे. वाक्य छान आहे, पण तेवढ्यावर दावा उभा करू नका, कारण फाइस्टच्या निकालासमोर ते टिकत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा एक जुना खटला मुंबईतून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळात आपल्या अपिलांवर लंडनमध्ये शेवटचा निर्णय देणाऱ्या न्यायपीठापर्यंत, गेला होता, शंभर वर्षांपूर्वी. मॅकमिलनने मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलेल्या एका चरित्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातले निवडक उतारे घेऊन, ते जोडून पुस्तक काढलं आणि त्याला टिपा जोडल्या. के. अँड जे. कूपर यांनी तसंच पुस्तक काढलं. प्रिव्ही कौन्सिलने पुस्तकाचे सरळ दोन भाग केले. उतारे निवडून जोडण्यात पुरेसं ज्ञान, कौशल्य किंवा विवेक दिसत नाही, त्यावर हक्क नाही. टिपा मात्र लेखकाच्या अभ्यासातून आलेल्या आहेत, त्यांवर हक्क आहे. एकाच पुस्तकाच्या काही भागावर हक्क असतो आणि काही भागावर नसतो. कुठलंही कोर्ट तुमचं पुस्तक असंच वाचणार आहे.

आजचा मुख्य निकाल म्हणजे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर 2007. ही कंपनी न्यायालयाचे निकाल संपादित करून छापते. प्रतिवाद्यांनी तो मजकूर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला असा आरोप होता. आता न्यायालयाचा मूळ निकाल कुणीही छापू शकतो, तशी मुभा कलम 52 मध्ये आहे. मग संपादकाने त्यात जी भर घातली तिचं काय? न्यायालयाने ती भर एक एक करून तपासली. टायपातल्या चुका दुरुस्त करणं, संदर्भ पूर्ण करणं, शब्दांची रूपं एकसारखी करणं, यात मेहनत आहे, पण लेखकपण नाही, म्हणून हक्क नाही. पण सलग निकालाचे परिच्छेद कुठे पाडायचे, त्यांना क्रमांक कसे द्यायचे, कुठल्या न्यायाधीशाचं मत सहमतीचं आणि कुठलं भिन्न हे कसं दाखवायचं, यासाठी कायद्याची समज आणि निर्णयक्षमता लागते, म्हणून त्यावर हक्क आहे. न्यायालयाने 'नुसती मेहनत पुरे' ही इंग्रजी कसोटीही सोडली आणि 'काही अपूर्व निर्मिती हवी' हे टोकही धरलं नाही. कौशल्य आणि विवेक हवा, तो यांत्रिक नसावा आणि त्यात सर्जनाचा किमान अंश असावा, अशी मधली जागा घेतली.

माझ्या अनुभवात याचा व्यवहारातला अर्थ एका प्रश्नात मावतो: इथे तुमच्यापुढे वेगवेगळ्या वाटा होत्या का, आणि त्यातली एक तुम्ही विचार करून निवडलीत का? जिथे वाट एकच होती, तिथे तुमचं काही नाही. जिथे दहा होत्या आणि तुम्ही एक घेतलीत, तिथे तुमचा हक्क सुरू होतो.

तुमच्या पुस्तकातलं एखादं पान घेऊन बघू. समजा तक्ता असा आहे: प्रार्थना समाज, मुंबई, 1867, सार्वजनिक सभा, पुणे, 1870, सत्यशोधक समाज, पुणे, 1873, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुणे, 1884, डिप्रेस्ड क्लासेस मिशन, मुंबई, 1906. नाव, ठिकाण, साल आणि सालाप्रमाणे क्रम. हे कुणीही असंच लिहील. समोरच्याने हा तक्ता जसाच्या तसा छापला तरी कोर्टात तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. पाच संस्था निवडण्यात थोडी निवड आहे, पण प्रत्येक पाठ्यपुस्तकात याच संस्था असतील तर तीही तुमची राहत नाही.

आता समजा तुम्ही सालाचा क्रम मोडलात. कुठल्या संस्थेने सरकारकडे अर्जविनंत्यांची वाट धरली, कुठलीने शाळा काढल्या, कुठलीने पुरोहिताशिवाय लग्नं लावली, अशा साधनांप्रमाणे तुम्ही गट पाडलेत, काही प्रसिद्ध संस्था मुद्दाम गाळल्यात आणि एका गटातून दुसऱ्या गटात काय गेलं हे दोन-दोन ओळींत लिहिलंत. तथ्यं तीच राहिली, पण आता हे पान तुमचं झालं. समोरच्या पुस्तकात तेच गट, त्याच क्रमाने, तुम्ही गाळलेल्या त्याच संस्था गाळून आले असतील, तर 'इतिहास सगळ्यांचा आहे' हे उत्तर पुरत नाही. त्यांनी इतिहास घेतला नाही, इतिहासाची तुमची मांडणी घेतली. तीच माहिती त्यांनी स्वतःच्या गटांत, स्वतःच्या शब्दांत लिहिली असती, तर मात्र तुमच्या पुस्तकावरून अभ्यास केला असला तरी त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. आणि अडवूही नये, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर आधी पुस्तक काढणाऱ्याच्या मालकीचा विषयच होऊन बसेल.

सराव प्रश्नांचंही तेच, पण इथे जरा थांबायला हवं, कारण निकाल दोन्ही बाजूंना आहेत. 1967 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ही मूळ साहित्यकृती मानली. उलट 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातले प्रश्न घेऊन गाइड काढणाऱ्यांविरुद्ध दावा आणला, तेव्हा मनाई हुकूम मिळाला नाही. गणिताचे नियम ठरलेले, ते सांगण्याच्या पद्धतीही मोजक्या, तिथे कल्पना आणि ती मांडण्याची रीत वेगळी करता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. शिवाय मूळ पुस्तकात नुसती उत्तरं होती आणि गाइडने सोडवण्याच्या पायऱ्या दिल्या होत्या, हेही न्यायालयाने गाइडच्या बाजूने धरलं.

तुमचे प्रश्न यातल्या कुठल्या टोकाजवळ आहेत, ते तुम्हालाच तपासावं लागेल. 'सत्यशोधक समाजाची स्थापना कधी झाली?' हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारणार तरी कसा? तो कुणाचाच नाही. पण त्याखालचे चार पर्याय बघा. शेजारच्या संस्थांची सालं एकमेकांत मिसळणारा विद्यार्थी नेमका अडकेल, असे तीन चुकीचे पर्याय तुम्ही विचार करून ठेवले असतील, आणि असे शे-दोनशे प्रश्न त्याच पर्यायांसह, पर्यायांच्या त्याच क्रमाने समोर आले असतील, तर ती तुमची निवड आहे. विधाने देऊन 'यातली कोणती बरोबर' असं विचारणाऱ्या प्रश्नांत लेखकाचा वाटा आणखी मोठा असतो. एकेका प्रश्नावर भांडू नका, संचावर बोला.

लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतून घेतलेले प्रश्न, पाठ्यपुस्तकांतून किंवा संदर्भग्रंथांतून आलेली वाक्यं, हे सगळं आधीच बाजूला काढा. ते तुमचं नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते पुढे करील आणि न्यायाधीशांच्या मनात तुमच्या उरलेल्या पुस्तकाबद्दलही शंका येईल. अशिलांना हे ऐकायला आवडत नाही, पण स्वतःच्या पुस्तकातला परकेपणा आधी स्वतः दाखवणाऱ्या वादीवर कोर्ट जास्त विश्वास ठेवतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

इथवरचं एका दमात: तथ्यं, सालं, सालाचा क्रम, जुने प्रश्न संरक्षणाच्या बाहेर; तुमचे गट, तुमचं गाळणं, तुमचं स्पष्टीकरण, पर्यायांची तुमची रचना आत. प्रकरणांची शीर्षकंही सहसा बाहेरच. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रपटाच्या नावाच्या प्रकरणात नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो असं स्पष्ट सांगितलंय.

आता जे आत राहिलं त्याचीच समोरच्या पुस्तकाशी तुलना व्हायला हवी. तुलनेचा आपला आधार 1978 चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल आहे. आनंद यांचं प्रांतवादावरचं नाटक होतं आणि नंतर प्रांतवादावरच एक चित्रपट आला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा दंतकथेतल्या घटना यांवर हक्क नसतो. दोन्ही कृती पाहिल्या-वाचल्यावर 'ही तिची नक्कल आहे' असा ठाम ठसा सामान्य प्रेक्षकाच्या किंवा वाचकाच्या मनावर उमटला, तरच कॉपीराइटचा भंग. दोन्हींत साम्य होतं, तरी आनंद हरले, कारण नाटकाचा भर दोन प्रांतांतल्या कुटुंबांमधल्या लग्नावर होता आणि चित्रपटात हुंडा, घर भाड्याने देताना होणारा भेदभाव असं बरंच काही निराळं होतं.

माझं स्पष्ट मत आहे की सामान्य वाचकाची ही कसोटी नाटक-सिनेमाला शोभते, पण नोट्ससारख्या तथ्यांच्या पुस्तकाला ती आंधळेपणाने लावली तर दोन्हीकडे अन्याय होतो. एकाच अभ्यासक्रमावरची दोन पुस्तकं सामान्य वाचकाला सारखीच वाटणार. म्हणून आधी गाळायचं, मग उरलेल्याची तुलना करायची, हाच क्रम कोर्टाला समजावून द्यावा लागतो. आणि तथ्यांच्या पुस्तकाला मिळणारं संरक्षण पातळ असतं, हेही मान्य करा. कादंबरीत ढोबळ साम्यही महागात पडू शकतं, इथे बरंच जवळचं साम्य दाखवावं लागतं.

पातळ म्हणजे शून्य नव्हे. कलम 14 मध्ये कृतीच्या 'भरीव भागा'वरही हक्क आहे आणि भरीवपणा नुसत्या पानांच्या संख्येवर ठरत नाही. अडीचशे पानांतली वीसच घेतली, पण तीच तुमच्या पुस्तकाचं वैशिष्ट्य असलेली वीस, तर ती भरीव ठरू शकतात. शब्द फिरवल्याने कुणी सुटत नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत भाषांतर केल्यानेही नाही, कारण भाषांतराचा हक्कही त्याच कलमात तुम्हालाच आहे.

पहिला प्रश्न, म्हणजे घेतलं का, तो सिद्ध करायला तुमच्या चुका सगळ्यात जास्त कामाला येतील. चुकलेलं साल, एखाद्या आडनावातली छपाईची चूक, बदललेला पर्यायक्रम आणि त्यामुळे चुकीची उत्तरसूची, हे सगळं समोरच्या पुस्तकात तसंच उतरलं असेल तर 'दोघांनीही एकाच ग्रंथावरून घेतलं' हा बचाव कोसळतो. आपल्या चुका लपवू नका, त्यांची यादी करा. फक्त लक्षात ठेवा, त्या चुका नक्कल सिद्ध करतात, हक्क नाही. रूरलच्या खोट्या नोंदींनी तेवढंच केलं होतं.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, पण उत्तर त्यांवर अवलंबून आहे. नोट्स तुम्ही एकट्याने लिहिल्यात का? तुमच्याकडे पगारावर असलेल्या शिक्षकाने कामाचा भाग म्हणून लिहिल्या असतील तर, वेगळा करार नसल्यास, हक्क संस्थेचा. मानधनावर बाहेरच्या कुणाकडून लिहून घेतल्या असतील आणि लेखी हस्तांतरण नसेल, तर बहुतेक वेळा तो लेखकच मालक असतो आणि दावा तुम्हाला लावताच येत नाही. तसंच, मजकूर त्यांच्याकडे कसा गेला? छापील पुस्तकातून गेला असेल तर प्रश्न निव्वळ कॉपीराइटचा आहे. पण न छापलेला मसुदा तुमच्याकडून सोडून गेलेल्या माणसाने नेला असेल, तर विश्वासभंगाचा वेगळा दावा होऊ शकतो आणि तो कॉपीराइटपेक्षा व्यापक असतो. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या 2003 च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मालिकेच्या संकल्पनेबाबत या दोन्ही आधारांवर मनाई कायम ठेवली होती.

ते 'शिकवण्यासाठी वापरलं' असंही म्हणतील. कलम 52 मध्ये शिक्षणाच्या ओघात केलेल्या नकलेला सूट आहे आणि दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपीच्या प्रकरणात 2016 मध्ये न्यायालयाने तिचा अर्थ उदार लावला. पण तिथे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी वाचनसंच तयार होत होते. तुमच्याच ग्राहकांना विकायला तुमच्याच पुस्तकाशी स्पर्धा करणारं पुस्तक छापणं त्यात बसवणं अवघड आहे.

नोंदणीची काळजी सोडा. भारतात कॉपीराइट लिहिता क्षणी निर्माण होतो. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने दाद मागायला नोंदणी सक्तीची ठरवली होती, त्यातून बराच गोंधळ झाला. 2021 च्या संजय सोया प्रकरणात त्याच न्यायालयाने तो निकाल बंधनकारक नसल्याचं सांगून नोंदणी ऐच्छिक असल्याचं स्पष्ट केलं. नोंदणी प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी असते, एवढंच. तुमच्याकडे तारखांसह मसुदे, छापखान्याची बिलं, डीटीपीवाल्याला पाठवलेल्या ईमेल्स असतील तर त्या जपून ठेवा.

रागाच्या भरात आधी पोलिसांत किंवा व्हॉट्सअॅपवर जाऊ नका. कलम 63 खाली गुन्हा होतो, पण जाणूनबुजून भंग केल्याचं दाखवावं लागतं आणि मांडणीच्या हक्काचा बारीक वाद पोलीस ठाण्यात सुटत नाही. शिवाय निराधार धमकी दिली तर कलम 60 खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. आधी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तीन रकान्यांचा तक्ता करा: तुमचं पान, त्यांचं पान आणि 'इथे माझी निवड कोणती'. तिसरा रकाना रिकामा राहील त्या ओळी खोडून टाका. उरलेला तक्ता नोटिशीला जोडा. प्रकरण कोर्टात गेलंच तर अंतरिम मनाईच्या, म्हणजे खटला चालू असेपर्यंत त्यांचं पुस्तक थांबवण्याच्या मागणीच्या, सुनावणीत न्यायाधीशांच्या हाती नेमकं हेच पडायला हवं, कारण असे बरेच वाद त्या टप्प्यावरच मिटतात. आणि वेळ लावू नका. त्यांचं पुस्तक बाजारात आल्याचं कळूनही तुम्ही पुढच्या परीक्षेपर्यंत गप्प बसलात, तर तातडीच्या मनाईची तुमची मागणी पहिल्याच दिवशी कमकुवत होईल.